सावडीतली रुपा कॉलेजला निघाली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले सरपंच श्री. भगीरथ विशे, विद्यालयातली प्रवेशाची धांदल सोडून मुरबाडच्या पलीकडून इथवर आलेले कृषी विद्यालयाचे प्राचार्य ज्ञानेश्वर भोईर सर, शहापुरात दर शनिवारी मनाच्या आजारांसाठी आपलं केंद्र चालवणाऱ्या समाजसेविका अक्षदाताई, व्यासपीठावर या म्हटलं तरी खांबाआड जाऊन बसलेले केंद्रातले आपले डॉक्टरसाहेब, गावच्या सावडीच्या कारभारीण सकुबाई, आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, लेकरांनो, सर्वांना माझा नमस्कार.

सरपंचांना मी 'श्री.' म्हटलं ते रीत म्हणून. चौथीत मी त्यांना अंगठे धरून उभं केलं होतं, हे त्यांनाही आठवतं आणि मलाही. हसू नका अध्यक्षमहाराज, माईक तुमच्याच बाजूला कललाय, तेवढा सरळ करा.

मंडळी, आपल्याकडे निरोप समारंभ कोणाचा होतो? साठीला टेकलेल्या माणसाचा. शाल, श्रीफळ, आणि 'उर्वरित आयुष्य सुखासमाधानात जावो.' मलाही मिळालाय तो. आता घरी बसा, हे गोड शब्दांत सांगायची ती पद्धत! मग मी काही घरी बसले नाही, शनिवारी अक्षदाताईंच्या केंद्रात मुलांचा अभ्यास घ्यायला लागले, ती गोष्ट वेगळी. पण आज आपण निरोप देतोय तो बावीस वर्षांच्या मुलीला. आपली रुपा कृषी पदविकेच्या शिक्षणाला परत चालली आहे. दुसऱ्या वर्षाला! वाजवा की टाळ्या. हात काय लावणीसाठी राखून ठेवलेत?

आता पुढचं जे बोलणार आहे, ते रुपाला विचारून बोलते. ती म्हणाली, "बाई, सगळं सांगा. लोक तसंही सांगतातच, फक्त चुकीचं सांगतात." तेव्हा बरोबर काय ते ऐका.

पहिल्या वर्षाच्या शेवटी वसतिगृहात रुपाला आवाज ऐकू यायला लागले. खोलीत कोणी नसताना कोणीतरी तिला नावं ठेवायचं. जेवणात काहीतरी कालवतात असं वाटून तिनं मेसमध्ये जेवणं सोडलं. सुट्टीला आली ती ओळखू येईना. रात्रंदिवस जागी. आईनं हात लावला तरी दचकायची. आई म्हणजे आपली मंगळी, ही काय पुढच्या रांगेत बसली आहे. या आजाराला डॉक्टर सायकोसिस म्हणतात. हा आजार बहुतेकदा ऐन तारुण्यात गाठतो, म्हणजे नेमका शिकायच्या, कमवायच्या वयात. कोणाच्या पापानं होत नाही, कोणाच्या नजरेनं होत नाही. हे वाक्य मी दोनदा म्हणणार होते, पण तुम्ही शहाणे आहात.

आणि नजर म्हटलं म्हणून आठवलं, गणू भगत आलेत का? आलेत. गणूदादा, मान खाली घालू नका, तुमचं कौतुकच करायचंय. मंगळी पोरीला घेऊन आधी यांच्याकडेच गेली. यांनी कोंबडा घेतला, तो काही सोडला नाही. पण रुपाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "मंगळे, हे माज्या हातचं नाय. शनवारी शहापूरला त्या अक्षदाबाईकडं जा. उशीर करू नको गो." कोंबड्यासकट सांगते मंडळी, या माणसाचे उपकार आहेत. किती जणांना हे सांगता येतं, की माझ्या हातचं नाही?

शनिवारी मंगळी रुपाला केंद्रात घेऊन गेली, औषधं सुरू झाली. हळूहळू झोप लागली, जेवण सुरू झालं, आवाज लांब गेले. पूर्ण गेले नाहीत, अजूनही अधूनमधून येतात, हेही रुपानं सांगायला सांगितलंय. मग पुढे काय? इथे प्रत्येकाला अक्कल फुटली. कोणी म्हणे लग्न लावून द्या. कोणी म्हणे घरात बसू दे, दोन घास खाऊ दे. अक्षदाताईंनी मात्र जिला विचारायचं तिलाच विचारलं, "रुपा, तुला काय हवंय?" ती म्हणाली, "मला शिकायचंय." डॉक्टर म्हणाले, 'आधी पूर्ण बरी हो, मग शिक' असं करायचं नाही. औषधासोबतच चालू करायचं, पण पायरी पायरीनं. सकाळी वेळेवर उठायचं, चारचौघांत वावरायचं, काम हातावेगळं करायचं. आणि आषाढात आपल्या गावात चारचौघं कुठे असतात? लावणीच्या चिखलात!

डॉक्टरसाहेब मुंबईचे, त्यांच्यासाठी सांगते. सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी माझ्या. घरटी एक माणूस. मजुरी नाही, माणसाला माणूस. कोणाचं शेत कधी, ते सकुबाई ठरवतात आणि त्यांच्यापुढे सरपंचाचंही चालत नाही. गेल्या वर्षी मंगळीचं शेत पहिल्या दिवसांत आलं. सगळ्या बाया गेल्या, दुपारपर्यंत लावणी आटोपली. फार छान. मग फेडायची पाळी आली, तेव्हा रुपा आवरून निघाली, तर सकुबाईंनी मंगळीला निरोप धाडला, "पोरीला नको पाठवू. आराम पडू दे तिला. तूपण थांब तिच्यापाशी. आमी घेऊ सांभाळून." गावानं माना डोलावल्या. केवढं मोठं मन आमचं!

त्या दिवसापासून रुपानं घराबाहेर पाऊल टाकलं नाही. केंद्रात येणं बंद. अक्षदाताई चिखल तुडवत तिच्या घरी गेल्या. मीही होते. मंगळी चुलीपाशी बसून, रुपा भिंतीकडे तोंड करून. ताई म्हणाल्या, "अगं, त्यांनी तुमच्या भल्यासाठी केलं." तशी पोर गर्रकन वळली. म्हणाली, "ताई, आमच्याकडं सावडीतून कोणत्या घराला सोडतात, ठाव हाय? ज्या घरात त्या साली माणूस मेलंय त्या घराला. मी जित्ती हाय ना? मग गाव माझं सुतक का पाळतंय?"

मी मास्तरीण. दुसऱ्याच्या चुका काढायची सवय. त्या दिवशी आमचीच चूक पोरीनं दाखवली.

दया करताना आपण माणसाला मोजणंच सोडून देतो मंडळी, आणि वर स्वतःची पाठ थोपटतो. दुसऱ्या कुठल्या गावाला ही चूक करता आली नसती. त्यासाठी सावडच पाहिजे, आणि सावडीची माया पाहिजे. दोन्ही आपल्याकडे भरपूर!

अक्षदाताई तिथून उठल्या त्या थेट सकुबाईंच्या बांधावर. आता ही जुगलबंदी मी डोळ्यांनी बघितली आहे, तेव्हा मीठमसाला लावलेला नाही. सकुबाई म्हणाल्या, "आन् पोर चिखलात पडली म्हंजे? कोन जबाबदार?" ताई म्हणाल्या, "पडली तर उठवा. तुमच्यातलं कोणी कधी पडलं नाही का?" सकुबाई म्हणाल्या, "मी बोलते कडक. तिला सोसंल?" ताई म्हणाल्या, "कडकच बोला. मऊ बोलून बोलून जीव घेतलात तिचा." सकुबाईंनी हातातली आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची मूठ खाली ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या माज्या शेतात. येळेवर यायचं. नायतर मी हाक मारनार नाय."

वेळेवर यायचं, हे बोलायला सोपं. औषधानं सकाळी डोळे उघडेनात. डॉक्टरांनी फोनवरच औषधाची रात्रीची वेळ अलीकडे आणली, आणि पोरगी हजर झाली. आवाज आले की ओळीतून बाहेर यायचं आणि लावणाऱ्यांना मुठी पोचवायच्या, हे तिनं आणि शेजारच्या गंगीनं आपसांत ठरवलं. रुपा म्हणायची, "आले गो." गंगी म्हणायची, "येऊ दे. तू मूठ आन." अक्षदाताई मला म्हणाल्या, "बाई, आम्ही शिबिरात हेच शिकवतो, पण आम्हाला इतकं थोडक्यात जमत नाही."

आणि मग तो दिवस. सगळ्या जणी वाकून लावताहेत. एकाएकी रुपा ताठ उभी राहिली, कान टवकारून. गंगीला हळूच म्हणाली, "आता कोनतरी म्हनलं, रुपाची ओळ वाकडी. खरंच म्हनलं, का मलाच ऐकू आलं?"

आता गंगीनं काय सांगावं? खोटं सांगून सावरावं का? तिनं खरं सांगितलं. म्हणाली, "खरंच म्हनलं. सकुबाय म्हनली. ती समद्यांनाच म्हनते."

रुपानं आपली ओळ बघितली. वाकडीच होती! आणि पोरगी हसायला लागली. हसता हसता बांधावर बसली. तिचं हसू बघून गंगी हसली, मग सगळा बांध हसला, आणि सकुबाई ओरडताहेत, "हसताय काय गो? ओळ सरळ करा!" लेकीला भाकरी घेऊन आलेल्या मंगळीनं वर्षभरानं तिचं हसणं ऐकलं. ती तिथेच चिखलात उभी राहून रडली. सकुबाई, तुमच्या तोंडाला आख्खं गाव वचकून असतं, पण त्या तोंडानं त्या दिवशी जे काम केलं त्याला तोड नाही. नाही, नाही, उठू नका, नमस्कार नंतर करा.

त्यानंतर रुपा थांबली नाही. कापणी केली. केंद्रात अभ्यास करून पहिल्या वर्षाचे राहिलेले दोन विषय काढले. पौषात म्हसा गावच्या जत्रेला त्या एवढ्या गर्दीत गेली, आणि घोंगडीवाल्याशी घासाघीस करून आईसाठी घोंगडी घेऊन आली. मग भोईर सरांकडे अर्ज. सर, राग मानू नका, पण पहिल्या भेटीत तुम्ही चहा दिलात आणि विचारलंत, "जबाबदारी कोण घेणार?" रुपाच बोलली. "सर, जबाबदारी माझी. तुम्ही फक्त महिन्यातून एकदा दवाखान्याला जायला सुट्टी द्या, दाराजवळचा बाक द्या, आणि जिला माझा आजार ठाऊक आहे अशी एक मैत्रीण खोलीला द्या." सर हसून म्हणाले, "एवढंच? बाकीची मुलं यापेक्षा जास्त मागतात." त्या दिवसापासून मी या माणसाला मानते.

इतकं सगळं जमलं, आणि घोडं अडलं ते घरातच. मंगळी नाही म्हणाली. "तिथंच तर पोर बिगडली. परत तिथंच धाडू? इथं बरी हाय, माज्या डोळ्यांम्होरं हाय." तिची चूक काय हो? ज्या आईनं ते दिवस काढलेत, तिनं कोणत्या छातीनं हो म्हणावं? महिनाभर आम्ही समजावत होतो. ती एकच बोलायची, "आन् सावडीत आमच्या घरचं मानूस कोन? मी वाकू शकत न्हाय आता." तिच्या गुडघ्यांची गोष्ट खरी होती, पण भीती त्याहून खरी होती.

काल सकुबाई तिच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे, यंदा तुमचं माफ. गेल्या वर्षीची चूक परत! पण नाही. सकुबाई रुपाला म्हणाल्या, "तुमच्या शेतात आमी लावनी करू. तुजे दिस तुज्या अंगावर. दिवाळीच्या सुट्टीत कापनीला येऊन फेडायचे. सोडनार नाय मी." रुपा म्हणाली, "सोडूच नका."

मग सगळ्यांनी मंगळीकडे बघितलं.  ती उठून आत गेली, लेकीची पिशवी बाहेर आणली, औषधाच्या गोळ्या वर हाताशी येतील अशा ठेवल्या. आणि दोन वर्षं जिनं पोरीचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं, ती मंगळी काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत सांगते.

"जा. पन तुजे दिस मी फेडनार न्हाय. तुजे तू फेड."

अध्यक्षमहाराज, लेकीवर एवढा भरवसा टाकलेला मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिला नाही.

प्राचार्य सर, डॉक्टरसाहेब, अक्षदाताई, गणूदादा, गंगी, सकुबाई आणि सावडीतल्या सगळ्या जणी, मी तुमची मनापासून ऋणी आहे. ऐकून घेतलंत, मध्ये उठून गेला नाहीत, याबद्दल समस्त ग्रामस्थांचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला जास्तच लागलं असेल, तर म्हातारीची जीभ म्हणून पोटात घाला.

रुपा, ऊठ बाळ. डोळे पूस. मंगळे, तूही पूस. मुरबाडची गाडी फाट्यावर फार वेळ थांबत नाही.