वंदनेची केबल

नाही नाही, काका, तुम्ही उठू नका, बसा तिथेच खुर्चीवर — मी हे कपाट असं तिरकं ओढतो म्हणजे मागची बाजू दिसेल — हां. गडबडीत जय भीम म्हणायचंही राहिलं बघा. जय भीम. आशा, रावजीकाका आलेत, चहा टाक गं, बिनसाखरेचा. तर काय सांगत होतो — हा आपला जुना स्टिरिओ, बाबा होते तेव्हाचा, तुम्हीच तर गेला होतात त्यांच्याबरोबर आणायला. ह्याच्या पाठीमागे दोन भोकं आहेत, एक लाल, एक पांढरं. आणि लॅपटॉपला असतं एकच, हेडफोनचं. म्हणजे केबल कशी पाहिजे — एका टोकाला एक पिन, दुसऱ्या टोकाला दोन. आणि मी शहाण्यासारखा पहिल्यांदा दोन्हीकडे एकेकच पिनवाली घेऊन आलो. मग परत एम. जी. रोड, परत गाडी लावायला जागा नाही, परत त्या दुकानदाराचं तोंड बघायचं. पण मिळाली. आजच लावून, वाजवून बघतो, रविवारी पाहुण्यांसमोर फजिती नको.

किती वाजता म्हणता? अकराला. पाहुणे सटाण्याहून येणार, म्हणजे साडेअकरा धरा. तुम्ही आरामात या. लवकर यायची काही — नाही, म्हणजे या, यायचंच आहे, माझ्या लेकीचा, राखीचा साखरपुडा आणि रावजीकाका नाहीत असं कधी होईल का? पांढरा शर्ट इस्त्रीला टाकलाय? टाका ना. छान दिसतो तुम्हाला. फक्त — कसं सांगू — बुद्धवंदनेचं ह्या वेळी तुम्ही डोक्यावर घेऊ नका. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चाललाय. नेटवर एक फार सुंदर वंदना मिळाली, मागे बासरी, तंबोरा, म्हणणाऱ्याचा आवाज तर असा की घर भरून जातं. आपण नुसतं हात जोडून उभं राहायचं. तुम्हाला त्रास नको, एवढंच. परवा आमचा जिना चढलात तर किती धाप लागली होती तुम्हाला, आशा पण म्हणाली.

मागून कधी म्हणायचं म्हणजे? अच्छा, तसं. तुम्ही एक ओळ म्हणायची, मग आम्ही सगळ्यांनी मागून — हो, ते खरंय, हा थांबत नाही. हा आपला म्हणत जातो. त्याला काय माहीत समोर माणसं उभी आहेत. पण बसेल सवय. मनातल्या मनात म्हणायचं. मोबाइल आला तेव्हा नाही झाली सवय? थांबा, लाल पिन लालमध्ये, पांढरी पांढऱ्यामध्ये, इथवर तर पहिलीतलं पोरही करेल.

ठरवलं कोणी म्हणजे काय, घरात सगळ्यांनीच ठरवलं. राखीनंच. आजकालच्या पोरींना सगळं लॅपटॉपवरच लागतं — असं का बघताय? तिचा फोन आला होता तुम्हाला? कधी? काल? ... काय म्हणाली? काका, तुमच्याच तोंडून ऐकायचंय. असं म्हणाली. हं. म्हणजे तिला अजून सांगितलेलं नाही मी. शनिवारी येतेय ती पुण्याहून, तेव्हा सांगणार होतो. आता तुम्हाला काय लपवायचं, मीच ठरवलं, काका. राखीचं नाव उगाच घेतलं मी. आशाला सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाहीये, पोळ्या आपटून वाढते.

तुम्ही त्यांचं घर बघितलेलं नाही ना. मुलाचे वडील मुख्याध्यापक. आम्ही गेलो त्या दिवशी त्यांनी नुसतं बटण दाबलं, आणि हॉलमध्ये, आतल्या खोलीत, सगळीकडे वंदना सुरू. कसं स्वच्छ, शांत. कोणी खोकत नाही, कोणाचा श्वास तुटत नाही, मागून पोरं हसत नाहीत. मी तिथे हात जोडून उभा आणि डोक्यात काय, तर हे लोक आपल्याकडे येतील तेव्हा — जाऊ द्या. नको ते बोलून जातो मी. तुमचा खोकला म्हणजे काय तुमचा दोष आहे? एवढी वर्षं एसटीत कंडक्टरकी, नाशिक-सुरगाणा, घाटात गाडी बोंबलतेय आणि तुम्ही तिच्या वरताण ओरडून तिकीट विचारताय, गळ्याचं होणार काय दुसरं? माझं नामकरण तुम्ही केलंत. लग्नात तुम्ही. बाबा गेले तेव्हा आम्ही सगळे नुसते रडत होतो, तेव्हा तुम्ही उभे राहिलात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणालात, तुमचा जिवाभावाचा दोस्त समोर निजलेला आणि आवाज कुठे हलला नाही. मी विसरलोय का? मी काहीच विसरलेलो नाही, तीच तर पंचाईत आहे.

ठमाबाईंच्या घरी झालं ते? तुम्ही अजून तेच धरून बसलात होय. अहो, होतं असं. म्हातारी गेली, पुण्यानुमोदनाला एवढी गर्दी, उकाडा, त्यात एखादी ओळ विसरतो माणूस. गडबड झाली ती तेवढ्यापुरती. हो, लोक गप्प उभे राहिले, मागून म्हणायला ओळच नव्हती पुढे, आणि ती पोरं फिदीफिदी — मी शेजारीच होतो ना तुमच्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बघितलंत ना? मला वाटलं होतं की तुमच्या लक्षात नसेल. मला येत होती ओळ, काका. तुम्हीच शिकवलेली, विहारात मांडी घालून बसवून. ओठावर होती. आणि मी खिशातनं मोबाइल काढला आणि बघत बसलो, मेसेज नाही, फोन नाही, नुसता. मनात म्हटलं, बरं झालं. आता रविवारचं ह्यांना सांगायला सोपं जाईल. असं म्हणालो मी मनात. लाज वाटते. रात्री पाठ टेकली की वाटते, पण सकाळी उठून केबल आणायला गेलोच की नाही?

चहा घ्या. आशा, ठेव तिथे स्टुलावर. असं बघू नकोस माझ्याकडे, सांगतोय ना मी त्यांना सगळं.

झालं, आता ही पिन लॅपटॉपला. राखीचा कॉलेजातला लॅपटॉप आहे हा, वरून हे जाड प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवलंय तिनं. घुसली. आता स्टिरिओचं हे बटण इकडे, आवाज थोडा वाढवू — आली. बासरी आली बघा. काय गोड आहे ना? खरं सांगा. पुढे सुरू होईल आता. आता होईल. अरे? बासरी आहे, तंबोरा आहे, म्हणणारा कुठे गेला? मोबाइलवर तर चांगला म्हणत होता. बघा ना, सगळं वाजतंय आणि माणूसच नाही आत. दूरवरून कुजबुजल्यासारखं काहीतरी येतंय फक्त. केबल खराब दिली की काय त्यानं — की पिन पुरती बसलेली नाही? कव्हर आडवं येतंय बहुतेक. हे कव्हर काढून बघतो, घट्ट बसलंय मेलं, नखानं उचकटायला पाहिजे — हां, थांबा, आला. आला बघा आवाज. हळू आहे पण आला —

हा तुमचा आहे.

म्हणा. म्हणा, काका. मी काही बोलत नाही.

बासरीवर कसा बसतोय. अगदी सावकाश. ओळ झाली की थांबताय तुम्ही. आम्ही म्हणावं म्हणून थांबताय ना? आशा आली बघा, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली, ती म्हणतेय मागून. हिला तर मी दोन दिवसांत बोलताना ऐकलेलं नाही. खोकलात, तरी काही बिघडलं नाही, आम्ही थांबलो, बस. काका, असंच करू या रविवारी. बासरी ह्याची राहू दे आणि म्हणा तुम्ही. काय बिघडलं? सटाण्याचे आले तर येऊ देत, मी सांगेन त्यांना, हे आमचे — अरे, हे कव्हर — निघालं एकदम — पिन आत —

बापरे, केवढा मोठा ह्या लॅपटॉपवाल्याचा आवाज. थांबा, थांबा, काका, तो मी नाही लावला, तो आपोआप लागला, पिन आत गेली कव्हर निघाल्यावर, तुम्ही थांबू नका, तुम्ही म्हणत राहा त्याच्यावरून — कुठलं बटण — हे — हे नाही — बंद हो रे —

झालं. बंद केला.

पूर्ण बंद केलाय, काका. वायरच काढली. ही बघा, माझ्या हातात आहे. चहा राहू द्या, दुसरा करेल आशा. ती उभीच आहे अजून, हात जोडून. मी पण आहे.

काका. म्हणा ना पुढचं.

चपला कशाला शोधताय?