ठोसा टाचेतून निघतो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या समाजगृहाचे सर्वेसर्वा माननीय नरहरीभाऊ, बोईसरहून वेळात वेळ काढून आलेले कारखान्याचे साहेब, सत्कारमूर्ती रामनाथ सर, वहिनी, आणि पाम गावच्या माझ्या बंधुभगिनींनो. मी मंजुळा चुरी, महिला मंडळाची अध्यक्ष. समिधाची आई म्हणूनही काही जण ओळखतात, हल्ली जरा जास्तच.

भाऊंनी मला बजावलंय, दोनच शब्द बोला. तर ते दोन शब्द: रामनाथ सर. झाले. आता वेळ उरलाय म्हणून पुढचं सांगते.

सर तारापूरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि कराडला मुलाकडे निघालेत. नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी याच सभागृहात त्यांनी आपल्या मुलींना बॉक्सिंग शिकवलं. ते गेल्यावर वर्ग समिधाने चालवायचा, असं ठरलं होतं. पण कालपासून बाहेरच्या फळ्यावर सूचना लागलीय: वर्ग बंद, सभागृह लग्नकार्यासाठी मिळेल. म्हणजे एकाच हारात दोन निरोप. काटकसर चांगलीच असते, मी काही म्हणत नाही.

सरांची नि माझी ओळख कशी झाली, हे सांगायला हवं. समिधा नवीन नवीन जात होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी पोरगी घरी आली ती नाक सुजवून. दुसऱ्या दिवशी सफाळ्याचे पाहुणे तिला बघायला येणार होते. माझं डोकं फिरलं. होते तशी इथे आले आणि काही न विचारता सरांच्या थोबाडीत दिली. सगळ्यांसमोर. सरांनी गाल चोळला आणि म्हणाले, ‘‘ताई, नुसता हात आला. अंग मागेच राहिलं. डावा पाय पुढे घ्या, मागची टाच उचला, कंबर वळवा. आता मारा.’’

मी मारली. दुसरी बरी बसली, असं सर म्हणाले.

हसू नका, वहिनी समोर बसल्यात. आणि माझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. नाक माझ्या लेकीचं होतं. पाहुणे आले, चिकू खाल्ले, नाकाकडे पाहिलं आणि गेले ते गेलेच.

मंडळी, आपल्याला काय वाटतं, ठोसा दंडात असतो? विहिरीतून भरलेली कळशी आपण नुसत्या मनगटाने ओढतो का? पाय रोवतो, कमरेतून जोर लावतो, तेव्हा ती वर येते. ठोसाही तसाच टाचेतून निघतो, कमरेत वळतो, खांद्यातून पुढे जातो. हात फक्त पोचवायचं काम करतो. हे सर मुलींना इतक्या वेळा सांगत की बाहेर भाजी निवडणाऱ्या आम्हा बायकांनाही पाठ झालं.

मग पालघरची जिल्हा स्पर्धा आली. समिधासमोरची मुलगी तिच्याहून वीतभर उंच. हात एवढे लांब की उमरोळीला उभी राहून पालघरला मारेल. पहिली फेरी समिधाने नुसता मार खाल्ला. मी देवाचं नाव घेत बसले होते. दुसऱ्या फेरीत समिधा थोडी खाली वाकली, मागची टाच वळली आणि हात जेमतेम एवढासा पुढे गेला. ती उंच मुलगी खाली बसली. मला वाटलं, तिचं काही पडलंय, ते शोधतेय. पंच आकडे मोजायला लागले तेव्हा मला कळलं.

त्या दिवशी मी ओक्साबोक्शी रडले. खांदे पाडून, भिंतीच्या कडेने चालणारी माझी पोरगी भर रिंगमध्ये ताठ उभी होती. सर, ते तुमच्यामुळे. एवढं एक मी आयुष्यभर विसरणार नाही.

आता भाऊंचं म्हणणं. समितीच्या बैठकीत ते म्हणाले, ‘‘पोरींना मारामारी शिकवून काय करायचं हाय? नाकं फुटतात, स्थळं जातात.’’ हे अगदी असंच मी स्वतः बोललेय, त्यामुळे मुद्दा चांगलाच आहे. भाऊ असंही म्हणाले, ‘‘माज्या घरातली पोर असती तर मी पाठवली नसती.’’

भाऊ, पाणी घ्या थोडं.

तुमची नात शालू संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासला जाते ना? तो क्लास बंद पडून दीड वर्ष झालं. शालू इथे येते. कमरेतून ठोसा कसा काढायचा, हे सर नव्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवून शिकवतात. मी चहाडी करत नाहीये. काल तीच माझ्याकडे आली नि म्हणाली, ‘‘काकी, तुमी बोला. मी उभी राहते.’’

शालू, ऊठ.

भाऊ, ती पहिल्या रांगेत तुमच्यासमोर उभी आहे. डावा पाय पुढे आहे तिचा, मला इथून दिसतंय. रिंगमध्ये उभी राहते तशीच. तुम्ही ‘बस’ म्हणालात तर ती बसेल, तुमची नात आहे. सभागृहाची किल्ली तुमच्याकडेच असते. काय ते सांगा, आम्ही थांबलोय.

भाऊ, असं डोळे पुसत किल्ली टेबलावर ठेवली की माईकमध्ये फार आवाज येतो. शालू, वर ये, आजोबांच्या पाया पड आणि किल्ली समिधाताईला दे. टाळ्या नंतर, मुलींनो.

सर, वहिनी, सुखाने जा. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही उणंदुणं निघालं असेल तर सरांनी आणि साहेबांनी पोटात घालावं. नरहरीभाऊंनी नाही घातलं तरी चालेल, उद्या संध्याकाळी वर्ग आहे.