बर्फाच्या फळ्यांना मुशीचं तेल

सिराज : दोन्ही अंगांना चोळलंस? वरून नि खालूनसुद्धा?

यूसुफ : दोन्ही, सिराजभाय. चांगले दोन हात. काल साहेब रिफायनरीत गेला तेव्हा. ह्या कुवेतच्या हवेत सुकून फळ्यांना चिरा पडायला आल्या होत्या. आमच्या गावी साखरतरला होडी अशी सुकली की माझा बा काय करायचा? मुशी माशाचं तेल चोळायचा. मी फहाहीलच्या बंदरावरून डबाभर आणलं. वाटलं, साहेब खूश होईल.

सिराज : होईल ना, नाचेल! अरे, तू खानसामा. तुझं काम कालवण शिजवायचं. ही काय मासे धरायची होडी आहे? पायाला बांधून बर्फावर पळायच्या फळ्या आहेत ह्या.

यूसुफ : लाकूड ते लाकूडच ना?

सिराज : गाडीत रोज त्याची हीच टकळी असते, म्हणून मला ठाऊक. बुडाला डांबर, डांबरावर मेण. मेण बर्फाला धरतं तेव्हा माणूस चढ चढतो. तुझ्या तेलावर मेण बसणार आहे का?

यूसुफ : या अल्ला. म्हणजे चढावर...

सिराज : मागं घसरणार. त्याच्या मुलखादेखत.

यूसुफ : आठ वर्षं झाली त्याला ह्या खेळात! धापा टाकत पळायचं, मग तशाच छातीनं नेम धरून गोळी मारायची. मागच्या ऑलिम्पिकला त्याचं नाव गाळलं. ह्या खेपेला खेळ त्याच्याच ऑस्ट्रियात, महिन्याभरात निवड, नि वय पस्तीस. रोज कमरेला टायर बांधून रेतीत पळतो तो, सिराजभाय. पुढची खेप नाय त्याला.

सिराज : हळू बोल, न्हाणीत आहे तो. ऐक माझं. पेटीला खिळे ठोकू नि गाडीत घालू. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिकडं उघडेल तेव्हा उघडेल.

यूसुफ : नि वास?

सिराज : विमानात लागला म्हणेल. तुझा इकामा, इथं राहायचा परवाना, त्याच्या सहीवर आहे, बाबा. तुझ्या बायकोला, नूरबानूला, सातवा महिना लागलाय. तिला घेऊन उद्या परत साखरतरला जाणार आहेस?

यूसुफ : परत नाय जायचं मला. पण बा मोठी सुरमई लपवायचा हो सगळ्यांपासून, होडीचं भोक मात्र कधी लपवलं नाय त्यानं.

सिराज : बा साखरतरला, तू कुवेतला. गप, आला बघ. तुझ्याकडून शिकलेली मोडकी भाषा फाडत आला.

साहेब : यूसुफ! पेटी झाली? सिराज, विमानाला गाडी पाच वाजता.

सिराज : झालीच, साहेब. खिळे तेवढे...

यूसुफ : खिळे मारू नका. साहेब, फळ्यांना मी तेल लावलं. मुशीचं. खालूनपण.

साहेब : खालून?

यूसुफ : सुकत होत्या म्हणून. आमच्यात होडीला लावतात. मला ठावं नव्हतं, साहेब. इकामा काढून घ्या, पण आधी सांगा, हे तेल जाईल का?

साहेब : थांब. बघू दे. हां. खूप मासा.

सिराज : साहेब, अडाणी आहे तो. मनात वाईट काही...

साहेब : सिराज, गॅरेजमधून ब्लो लॅम्प आण. तेल जाळायचं, खरवडायचं, परत डांबर. डांबर माझ्याकडं हाय. अजून तीन तास हाय.

यूसुफ : होडीचं बूड आम्हीपण असंच जाळतो, साहेब! झावळ्या पेटवून!

(थोड्या वेळानं, बंगल्यामागं. ब्लो लॅम्प फुरफुरतोय.)

यूसुफ : जाळ एका जागी नको, साहेब. लाकूड काळं पडतंय.

साहेब : हो. हो.

यूसुफ : साहेब, तुमचा हात थरथरतोय.

साहेब : सिराज कुठं?

यूसुफ : गाडीत पेट्रोल भरायला गेलाय.

साहेब : एक वरीस झालं. बंदूक धरली की हात असा. मागच्या बर्फात पाच गोळ्या मारल्या, एक लागली. कोणाला सांगितलं नाय. इथं नाय, घरी नाय.

यूसुफ : तरी रोज पळत होतात?

साहेब : पळायला पाय. पाय चांगले हाय.

यूसुफ : मी एवढं वाटोळं केलं, नि तुम्ही ओरडला कसे नाय माझ्यावर?

साहेब : तू सांगितलं ना, खालून तेल... तेव्हा मला बरं वाटलं. फळ्या खराब. आता जायला नको. असं वाटलं, यूसुफ. मग खूप लाज वाटली.

यूसुफ : म्हणजे भ्यालाय तुम्ही.

साहेब : खूप.

यूसुफ : द्या तो दिवा इकडं. तुम्ही फळी धरा, आग मी धरतो.