काकांच्या डबीचा रणगाडा

अरे, एकाहत्तरच्या दिवाळीत नगरात सगळी पोरं किल्ल्यावर मावळे मांडत होती, अन् आम्ही रणगाडा. आईचं पातेलं उपडं घालून टेकडी केली, बाबांच्या साबणदाणीचा रणगाडा. त्याचा बुरूज म्हणून माझ्या धाकट्या भावानं, विन्यानं, शेजारच्या सुभेदारकाकांची बूटपॉलिशची डबी चिखलानं माखून वर बसवलेली.

तीच डबी शोधत काका आले. परेडची वेळ झालेली, हातात पट्टा. किल्ल्यापाशी थांबले, वाकले.

"तोफेची नळी कशाची रे?"

"पेनाची, काका."

"अन् हा बुरूज?"

विन्या रडायच्या बेतात. मी म्हणालो, "काका, ते लष्करी गुपित हाय."

काका ताठ उभे राहिले.

"मग मी विचारायलाच नको होतं," म्हणाले, अन् मळक्याच बुटांनी परेडला गेले.