लॉर्डसाहेबांच्या समाचाराला

२००६ सालच्या मार्चमध्ये केंब्रिजला जाणाऱ्या बसमध्ये मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तसा श्रद्धाने आपल्याला ते कळत नसल्याचा चेहरा केला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. मागे सासरे आणि सून बसले होते.

"सुप्रभा, पाकीट उघड ना. सकाळपासून पर्समध्ये घेऊन फिरतेस."

"नको बाबा. लॉर्डच्या इस्टेटच्या ऑफिसचं आहे. घरी गेल्यावर बघू."

"अगं, म्हातारा लॉर्ड गेला म्हणून मी समाचाराला गेलो, तेव्हा मुलगा किती गोड बोलला! म्हणाला, सात पिढ्या हे अख्खं गाव आमचं आहे."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, आमचंही होतं. मग कुळकायदा आला आणि आमची कुळंच मालक झाली. तुझंही जाईल, मनाला लावून घेऊ नकोस."

"बाबा! आपण त्याचेच भाडेकरू आहोत! तुमच्या नातीची, वरदाची, शाळेतली ॲडमिशन त्या पत्त्यावर झालीय. घर गेलं तर?"

"चहा मात्र त्याने अर्धाच प्यायला, हे खरं."

पाकीट फाटल्याचा आणि कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला.

"दोन महिन्यांत घर रिकामं करा म्हणतोय."

"कारण?"

"दिलेलं नाही."

"हुशार आहे पोरगा. आमच्या वडिलांना हे वेळेवर सुचलं नाही."