झऱ्याच्या वाटेचा चढ

मला कॉम्प्युटरवर गेमसाठी डोंगर उभे करायचं खूळ लागलेलं, तेव्हाचं सांगतो. एकदा शाहूवाडीतल्या आमच्या गावाचाच डोंगर माउसनं ओढून उंच करत बसलो होतो. माझे वडील, आबा, मागनं म्हणाले, "ह्या झऱ्याच्या वाटंचा चढ जरा कमी कर."

"कशाला? गेम हाय ह्यो."

"असू दे की. तुझी आई घागर घिऊन चढायची हितनं."

मी चढ कमी केला. तेवढ्यात आई बाहेरच्या नळावरनं कळशी भरून आली. तिनं आमचं ऐकलं होतं.

"आता चढ कमी करतायसा व्हय? तवा एखादी घागर तरी धरायची."

"गडीमाणसानं पाणी भरलं तर गाव हसायचं गं."

"मग हितं घरात कोण हसतंय?"

आबा उठले आणि तिच्या कमरेवरची कळशी त्यांनी काढून घेतली.