सोपानकाकांचं पहिलं दार

मंडळी,

सगळे आलात. फर्स्ट शिफ्टवाले आलात, जनरलवाले आलात, सेकंडवाले खाडा करून आलात. उद्या गुरुवार, कारखान्यांना सुट्टी, म्हणून आज बुधवारी संध्याकाळी ही सभा ठेवली. आयाबहिणी आल्यात. समोर काकू बसल्यात. काकू, तुमच्याकडे बघून मला बोलता येणार नाही. मी त्या लिंबाच्या झाडाकडे बघून बोलतो. राग मानू नका.

मी जगन्नाथ. चाळीत मला जगू म्हणतात. सोपानकाकांच्या खोलीसमोरची खोली माझी. मी फिटर माणूस, पान्याशी बोलणारा. चार माणसांसमोर उभं राहिलं की मला हात कुठं ठेवायचे तेच कळत नाही. त्यात काकांबद्दल बोलायचं. काका जाऊन पंधरवडा होत आला आणि खरं सांगायचं तर मला अजून रडू आलेलं नाही. दात काढल्यावर जबडा जसा आपला वाटत नाही, तसं सगळं आहे. बायको चहा देते, मी पितो. साखर होती का विचारलं तर सांगता येत नाही.

आत्ता गुरुजी बोलले. आपल्या पोरांच्या शाळेचे. फार चांगलं बोलले. म्हणाले, काकांना जीवनाचं ध्येय सापडलं होतं. गुरुजी, तुमचं खरंच आहे. पण ते सापडलं कसं, हे मला स्वतःला चार दिवसांपूर्वी कळलं. तेवढंच सांगायला उभा राहिलोय. काकूंना विचारलं, सांगू का? त्या म्हणाल्या, सांग, आता काय झाकायचं.

नवीन पोरं बसलीत त्यांच्यासाठी सांगतो. काका मूळचे बार्शीकडचे. इथं भोसरीत आले, एका वर्कशॉपमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसवर लागले. प्रेसखाली उजव्या हाताची बोटं गेली. काम सुटलं. काकू एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे करून द्यायच्या, त्यावर घर चाललं. तुम्ही काकांना बघितलंत ते त्यानंतरचे. पहाटे डाव्या हातानं कडी वाजवणारे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, फर्स्टला जाणाऱ्या प्रत्येकाच्या दारात. "उठलास का रं?" आणि आतून "उठलो" ऐकू आल्याशिवाय हलायचे नाहीत. नुसतं हूं चालायचं नाही. खोकलं तर चालायचं नाही. उठलो म्हणायचं. अगदी आधीच उठून बसला असला तरी तोंडानं म्हणायचं.

किती शिव्या घातल्या आपण. घातल्या की नाही? मनातल्या मनात घातल्या, उशीत तोंड खुपसून घातल्या. पण या चाळीतल्या कुणाचा कधी लेटमार्क लागला?

सगळ्यात पहिलं दार माझं. नेहमी माझंच. मला वाटायचं, समोर आहे म्हणून. म्हातारा दार उघडतो, नाकासमोर जगूचं दार, वाजव कडी. माझ्याकडे घड्याळ होतं. लग्नात मामानं दिलेलं गजराचं. मी काकांना कधीच म्हटलं नव्हतं की मला उठवा. हे ध्यानात ठेवा. कधीच नाही.

मागे आमच्या कंपनीत टाळेबंदी झाली, तेव्हाची गोष्ट. गेटला कुलूप. कधी उघडणार, उघडणार की नाही, कुणी सांगायला तयार नाही. मी घरात पडून. बायको बोलली तर चिडायचं, पोरगं रडलं तर चिडायचं, आणि पडून राहायचं. आणि पहाटे कडी. "जगू, उठलास का रं?"

मी आतूनच म्हटलं, काका, कंपनीला कुलूप आहे.

म्हणाले, "कंपनीला हाय. तुला न्हाई. ऊठ."

म्हटलं, उठून करू काय?

"ते मला काय ठावं? आधी ऊठ तर. काय करायचं ते उठल्यावर बघू."

मी पांघरूण डोक्यावर ओढलं. म्हटलं जातील. पण ते जाणारे थोडेच. दारात उभे. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. शेवटी वैतागून ओरडलो, उठलो. मगच गेले. असं रोज. उठून मी काही पर्वत हलवला नाही. नळावर पाणी भरलं. पोराला शाळेत सोडलं. मग एका शेडमध्ये हातगाड्या जोडायचं काम मिळालं, ते केलं. पुढे कुलूप निघालं. पण त्या दिवसांत मी पडूनच राहिलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. 

काका गेले त्या पहाटेचं तुम्हाला माहीत आहे. माझी कडी वाजली. मी म्हटलं, उठलो. पुढच्या खोलीची वाजली, तिच्या पुढची वाजली, अशी निम्म्या चाळीपर्यंत वाजत गेली. मग नाही वाजली. मी तोंड धूत होतो. माझ्या डोक्यातच आलं नाही की कडी थांबली आहे. अर्धी चाळ उठवून ते मधल्या ओट्यावर बसले आणि गेले. अर्धी चाळ तशीच झोपून राहिली. नळावर आलेल्या बाईनं हाक मारली तेव्हा कळलं.

तर चार दिवसांपूर्वी. काकूंना ताट घेऊन गेलो. दार लोटलेलं. चूल गार. काकू भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मी म्हटलं, काकू, दोन घास खा. त्या वळल्या नाहीत. मी तिथंच खाली बसलो. काय बोलायचं? काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, काकू, काका रोज पहिल्यांदा माझंच दार का हो वाजवायचे?

 काकू भिंतीकडे बघतच बोलल्या. त्यांचेच शब्द सांगतो.

"हात गेल्यावर हितंच पडायचे ते. याच जागेला. भिंतीकडं तोंड करून. दोन घास खायचे, परत भिंत. मी बोलून दमले. मला वाटायचं, माणूस असाच भिंतीत जिरून जातोय. एक दिस सकाळी भाकरी थापता थापता माझ्या तोंडातनं निघून गेलं. म्हणलं, समोरच्या जगूनं सांगितलंय, त्याचं घड्याळ बिघडलंय, फर्स्टला जायचंय, तेवढं उठवा. माझे हात पिठाचे हायेत. तुमी जाऊन या."

मी म्हटलं, काकू, मी असं काही सांगितलं नव्हतं.

"कुठलं सांगतोस. मी खोटं बोलले. पर ते उठले बघ. कितीतरी दिसांनी उठले. दुसऱ्याच्या कामाची खोटी होईल म्हणून उठले."

मंडळी, मी तो दिवस विसरलेलो नाही. कसा विसरेन? कडी वाजली. "जगू, ऊठ, शिफ्ट चुकंल." मी झोपेत म्हटलं, उठलो काका. उठलो, पँट चढवली, एक पाय बुटात. बायको म्हणाली, कुठं निघालात? आज गुरुवार आहे.

आपल्याकडे गुरुवारी वीज बंद, कारखाने बंद, सुट्टी. बाहेरून आलेल्या माणसाच्या अंगात मात्र रविवारच असतो, गुरुवार अंगवळणी पडायला वर्षं जातात. आणि घरी पडून असलेल्याला तर वार कुठला? काकांना कळलं नाही. डबे सुट्टीलाही असायचेच, म्हणून काकूंच्याही ध्यानात आलं नाही.

मी तणतणत दार उघडलं. सांगणार होतो, काका, सुट्टी आहे, झोपू द्या की. बघतो तर काका अंगणात उभे. अंगात धुतलेला सदरा. तो हात पाठीमागे धरलेला. हात गेल्यापासून त्यांना बाहेर कुणी बघितलंच नव्हतं. मला म्हणाले, "उठलास न्हवं? झालं तर मग. आनि कुनाला उठवायचं हाय का?"

माझ्या तोंडातून गुरुवार निघेना. का, ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, आज नाही. उद्यापासून पलीकडच्या दोघांनाही उठवा. ते फर्स्टलाच आहेत.

"बरं. उद्यापासनं."

एवढंच. बुटातला पाय काढला, परत जाऊन झोपलो. आणि दुसऱ्या दिवशी तीन कड्या वाजल्या.

हे मी काकूंना सांगितलं. म्हटलं, काकू, तुम्ही पाठवलंत त्या दिवशी गुरुवार होता. तेव्हा त्या वळल्या. माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "अगं बया. आनि तू बोलला न्हाईस?" आणि हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मी बसून राहिलो. तेव्हाही मला रडू आलं नाही. ताट गार झालं. जाताना बघितलं, त्या परत भिंतीकडे वळल्या होत्या.

तर गुरुजी, काकांना ध्येय असं मिळालं. बायको खोटं बोलली आणि शेजारी खरं बोलला नाही. काकांना एक दार मिळालं, बाकीची दारं त्यांनी स्वतः जोडली. मी विचार करतो, त्यांना कधी कळलं असेल का? वार तर दुसऱ्याच दिवशी कळला असणार. कधी बोलले नाहीत. मला आता वाटतं, कळलं असणार. कळूनसुद्धा येत राहिले असणार.

आता लिंबाकडे बघणं पुरे.

काकू, इकडे बघा. मी जगू. माझं घड्याळ बिघडलंय. मामानं दिलेलं, तेच. मला उठवायला कुणी नाही. तुमचे हात आता पिठाचे नसतात. उद्या पहाटे माझी कडी वाजवाल का? उद्या गुरुवार आहे, मला माहीत आहे. तेव्हाही गुरुवारच होता. मी आतून ओ दिल्याशिवाय हलू नका. मी जरा वेळानं देईन.

मंडळी, आता सगळ्यांनी उठून उभं राहायचं. काका आपल्या दारात ओ येईपर्यंत थांबायचे, तेवढा वेळ आपण त्यांच्यासाठी गप्प उभं राहायचं. मग जो तो घरी जाऊ.

उठलो, काका.